मामंजींची विचारपूस

रस्त्यात पोटुशी बाई दिसली की तिला थांबवून "बेटी, पानी तो नहीं जा रहा?" असं विचारणारा पुरुष अख्ख्या झाशीत एकच होता, आणि माझ्या नशिबाने ते माझे सासरे होते. बाई ओळखीचीच असली पाहिजे अशी काही अट नव्हती. भाजीच्या गाडीपाशी, बँकेच्या रांगेत, देवळात प्रदक्षिणा घालताना, कुठेही ते विचारत. एकदा ओरछा गेटपाशी त्यांनी अशीच एक तरुण बाई गाठली तेव्हा तिचा नवरा शेजारीच उभा होता. आता हा माणूस हात उगारणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण तो अगदी आदराने म्हणाला, "बाबूजी, हमारे यहाँ तो पानी सुबह ही आता है, फिर दिन भर कहाँ से जाएगा." उन्हाळ्यात झाशीच्या माणसाला पाणी म्हटलं की नळाशिवाय दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे त्या दिवशी आमची अब्रू वाचली. मामंजी मात्र त्याला भर रस्त्यात गर्भाची पिशवी म्हणजे काय, तिच्यातलं पाणी दिवस भरायच्या आधीच कसं झिरपायला लागतं, हे समजावून सांगायच्या तयारीत होते. मी त्यांना कोपराला धरून रिक्षात बसवलं.

मामंजी हा शब्दही मी झाशीत येऊनच शिकले. मी सोलापूरची. आमच्याकडे सासऱ्याला बाबा नाहीतर अप्पा म्हणतात. इथे खंडेराव गेटच्या आतल्या मोजक्या मराठी घरांनी मामंजी, वन्सं असले शब्द पेटीतल्या शालूसारखे जपून ठेवलेत, आणि बाकीची मराठी बिनधास्त हिंदीत भिजू दिली आहे. लग्नानंतर पहिल्याच दुपारी मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, थकल्या असाल, जरा लेटून घ्या." मला वाटलं कुठेतरी जायला उशीर झालाय, म्हणून मी घाईघाईने चपला शोधायला लागले.

पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते. उंच, किडकिडीत, कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके. गाडी पकडायची असली की ती आदल्या स्टेशनातून सुटायच्या आधी हे आमच्या स्टेशनवर हजर. गॅस बंद केला असं मी सांगितलं तरी ते स्वयंपाकघरात जाऊन हुंगून येत. "आधी नीट बघून घ्यावं, मग म्हणावं काही नाही म्हणून," हे त्यांचं वाक्य दिवसातून इतक्यांदा कानावर पडे की आमच्या शेजारच्या बुंदेली काकींनाही ते मराठीत पाठ झालं होतं. पण हे सगळे त्यांचे बारीकसारीक छंद. खरा वेड लागल्यासारखा छंद एकच, पहिलटकरणीची काळजी. आणि मला दिवस गेले तेव्हा त्या छंदाला घरातच कुरण मिळालं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि आई त्यांच्या उशापासून हलू शकत नव्हती. नवरा बीनाला नोकरीला, शनिवारी येणार, सोमवारी पहाटे जाणार. सासूबाई तर मुलं लहान असतानाच गेलेल्या. म्हणजे घरात मी आणि मामंजी. माझ्या मोबाइलवर एक ॲप होतं. बाळ आता लिंबाएवढं झालं, आता वांग्याएवढं झालं असं ते दर आठवड्याला सांगे. मामंजींना हे कळल्यापासून ते दर आठवड्याला मंडीत जाऊन ते ते फळ घेऊन येत, तळहातावर तोलून बघत आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवत. ते चिरायचं मात्र नाही. एका आठवड्यात ॲपने ॲव्होकाडो सांगितला. मामंजी अख्खा बाजार पालथा घालून आले आणि हिरमुसल्या चेहऱ्याने म्हणाले, "सूनबाई, या आठवड्याचं बाळ झाशीत मिळत नाही."

सरकारी इस्पितळात गरोदर बायकांना एक सिस्टर बाकावर बसवून माहिती सांगत असे. मामंजी तिथे जाऊन बायकांच्या रांगेत बसले. सिस्टरने सांगितलं, बाबूजी, इथे फक्त बायका बसतात. हे म्हणाले, "मैं बहू की तरफ़ से हूँ." आणि उठलेच नाहीत. पुढे पुढे सिस्टरला त्यांची सवय झाली. पोट नुसतं आवळतं ते आणि खरी कळ यांत फरक काय, हे ते तिथून शिकून आले. कूस बदलली, थोडं चाललं, पाणी प्यायलं की जी थांबते ती खोटी. जी थांबत नाही, कमरेतून निघून पुढे येते, दर वेळी जास्त लांबते आणि जास्त लवकर परत येते, ती खरी. पोट किती कडक झालं तेही ओळखायचं असतं. नाकाच्या शेंड्यासारखं असेल तर अजून वेळ आहे, हनुवटीसारखं असेल तर तयारीत राहायचं, कपाळासारखं झालं की निघायचं. झालं, त्या दिवसापासून सकाळी चहाचा कप हातात घेऊन मामंजी अंगणाच्या त्या टोकावरून विचारायचे, "सूनबाई, आज नाक की हनुवटी?" मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "नाक, मामंजी." काकींना कितीतरी दिवस वाटत होतं की आमच्या घरात कुणाच्या तरी नाकाचा, म्हणजे इज्जतीचा, काहीतरी मोठा वाद चालू आहे. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलंसुद्धा, की बहू, ससुर के मुँह न लगो.

दिवाळीच्या सुमारास एकदा पोट चांगलंच आवळलं. मी आडवी झाले तरी थांबेना. मामंजींनी रिक्षा आणली, पिशवी उचलली, वाटेत रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याची आगाऊ सूचना दिली. सिस्टरने तपासलं आणि सांगितलं, अभी कुछ नहीं, घर जाइए. दुसरा कुणी ओशाळला असता. मामंजी खालच्या दुकानातून पेढे घेऊन आले आणि सगळ्या वॉर्डात वाटले. लोक विचारायचे, लड़का हुआ? हे सांगायचे, नहीं, कुछ नहीं निकला.

मी हसत होते, पण मनातून कंटाळलेही होते. पोटातल्या, अंगावरून जाणाऱ्या, न सांगण्यासारख्या गोष्टी सासऱ्याने चारचौघांत विचारायच्या म्हणजे काय. एका दुपारी ते ओट्यावर मटार सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सरळ म्हटलं, "मामंजी, मला लाज वाटते. हे सगळं नका ना विचारू."

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग खाली बघतच म्हणाले, "तिलाही वाटली होती."

ती म्हणजे माझी नणंद, वन्सं. माझ्या नवऱ्याहून पुष्कळ मोठी, इंदूरला दिलेली. सणाला तिचा फोन येई, पण या घरी ती कधी आलेली मी पाहिली नव्हती. माझ्या लग्नालासुद्धा ती कार्यालयात आली आणि तिथूनच परत गेली. असेल काही मानपान, असं मी धरून चालले होते.

मामंजींनी सांगितलं ते असं. वन्सं पहिल्या बाळंतपणाला याच घरी आल्या होत्या. घरात बाईमाणूस नाही. माझा नवरा तेव्हा होस्टेलवर. एक दिवस वन्सं म्हणाल्या, बाबा, कंबर दुखते आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून लांब होती. मामंजींनी ओवा दिला, शेकायला पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं की वन्सं पुन्हा पुन्हा साडी बदलताहेत, धुताहेत, दोरीवर वाळत घालताहेत. त्यांना वाटलं, मुलीला स्वच्छतेची आवड आहे, आईवर गेली. वन्संना अंग तापल्यासारखं झालं, मग थंडी वाजून आली, तेव्हा कुठे ते तिला घेऊन धावले. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कधीपासून जातंय? वन्संनी मान वळवून भिंतीकडे बघत सांगितलं, कालपासून. बाळ वाचलं नाही. त्या वाचल्या, पण पुन्हा मूल झालं नाही.

"आई असती तर तिला सांगितलं असतं," मामंजी म्हणाले. "काकींना सांगितलं असतं. पण काकी तेव्हा गावी होत्या. घरात मी एकटा. बापाला कसं सांगणार ती? मी त्या साड्या बघितल्या, सूनबाई. दोरीवर माझ्यासमोर होत्या."

मी विचारलं, वन्संनी तुम्हाला दोष दिला का?

"नाही ना. कधीच नाही. देती तर बरं होतं."

त्यानंतर मी त्यांना काही बोलले नाही. ते विचारत राहिले, मी उत्तरं देत राहिले. एवढंच की आता मीही त्यांना न विचारता काही काही सांगायला लागले. पाय सुजलेत, रात्री झोप नाही, पोट खाली उतरल्यासारखं वाटतंय, श्वास मोकळा झालाय. ते लक्ष देऊन ऐकत आणि मान हलवत.

थंडी ओसरत आली होती. सकाळपासून माझी कंबर धरली होती. आदल्या दिवशी चादरी धुतल्या, त्याचंच असेल, असं मी मनाला सांगितलं. आंघोळीला गेले तेव्हा कपड्याला चिकट, किंचित गुलाबी काही लागलेलं दिसलं. मग उभी होते तशीच मांडीवरून कोमट ओघळ आला. लघवी नव्हती. थांबवून थांबत नव्हता. दाराच्या कडीवर हात ठेवून मी उभी राहिले. नवरा बीनाला, आई सोलापूरला, आणि बाहेर अंगणात सासरे पेपर वाचताहेत. इतक्या महिन्यांची तयारी होती, तरी माझ्याने दार उघडवेना. त्या क्षणी मला वन्सं कळल्या. इतक्या कळल्या की मी दार उघडलं.

"मामंजी, पाणी जातंय."

मला वाटलं होतं ते धावपळ करतील. ते जागचे हलले नाहीत. पेपर हातातून खाली सरकला. इतके दिवस ज्या प्रश्नांनी त्यांनी झाशीला भंडावलं होतं, त्यातला एकही त्यांना आठवेना असं दिसलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "रंग?"

"पाण्यासारखा. स्वच्छ."

"बाळ फिरतंय?"

"हो."

"कळा नसल्या तरी निघायचं," ते म्हणाले आणि उठले.

रिक्षात या वेळी त्यांना खड्डे दिसलेच नाहीत. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो माझ्या हातापेक्षा गार होता. कळा वाटेतच सुरू झाल्या. मी पोटावर हात ठेवून म्हटलं, "हनुवटी, मामंजी." त्यांनी नुसती मान हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. इस्पितळात सिस्टरने विचारलं, पानी कब से? त्यांनी लगेच सांगितलं, अभी, घर से निकलने के ज़रा पहले. आणि बाकावर बसले.

संध्याकाळी मला मुलगी झाली. माझा नवरा बीनाहून धावत येऊन पोचला तेव्हा मामंजी बाहेर वन्संशी फोनवर होते. त्याने ऐकलं ते इतकंच, "ताई, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पाणी गेलं तसं सूनबाईंनी मला सांगितलं."

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. आम्ही कळवलं होतं, पण येतील अशी आशा कुणी धरली नव्हती. वन्सं आल्या. उंबऱ्याशी बराच वेळ उभ्या राहिल्या, मग आत आल्या. मामंजी त्यांच्याकडे न बघता पाणी आणायला गेले आणि पेला भरायचा विसरून तसाच घेऊन आले. बाळाच्या कानात वन्संनी नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. सगळं रीतीप्रमाणे झालं. बापलेकीचं बोलणं मात्र चहा घेणार का आणि गाडी कितीची यापलीकडे गेलं नाही. वन्सं मुक्कामाला राहिल्या हेच मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत बाळाला पाजत होते. मामंजी बाहेर पाटावर बसून लसूण निवडत होते. वन्सं येऊन त्यांच्याजवळ बसल्या. मला दोघांच्या फक्त पाठी दिसत होत्या. पन्नाशीला आलेली बाई ती, केस पिकायला लागलेले. त्या म्हणाल्या, "बाबा, माझी पाळी फार जाते हल्ली. थांबतच नाही. मी कुणाला सांगितलं नाही अजून."

मामंजींनी लसणाची वाटी बाजूला ठेवली आणि साध्या आवाजात विचारलं, "कधीपासून? गाठी पडतात का?"

वन्सं सांगत गेल्या. ते ऐकत गेले. त्यांनी अडवलं नाही, ओवा सांगितला नाही, घाबरलेही नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "चप्पल घाल. आजच दाखवून येऊ."

साधी गाठ निघाली, औषधांवर निभावलं. संध्याकाळी परत आल्यावर मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मामंजी म्हणाले, "सूनबाई, तिने स्वतः सांगितलं मला. मी विचारलं नव्हतं." आणि लहान मुलासारखे परत तेच म्हणाले, "मी विचारलंच नव्हतं."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस जेवून लेटले ते उठले नाहीत. वन्सं इंदूरहून पोचेपर्यंत त्यांना ठेवलं होतं. त्या आल्या, रडल्या नाहीत, त्यांच्या डोक्याशी बसल्या आणि कानाशी वाकून हलक्या आवाजात बोलायला लागल्या. बोलतच राहिल्या. मधे थांबत, आठवत, पुन्हा बोलत. बाहेर माणसं खोळंबली होती, ऊन चढत होतं. काकी त्यांना उठवायला पुढे झाल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांचा हात धरला.

"थोड़ा रुकिए, काकी," तो म्हणाला. "ताईचं सांगून होऊ दे."