पन्नास मीटरमधल्या माकल्या

लाइल ट्रेझिजला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. सोळाव्या वर्षी व्हायला गावच्या पोलाद कारखान्यात वायरमन व्हायला गेला, तर रंगांच्या परीक्षेतच बाद झाला. मग चव्वेचाळीस वर्षं क्रेनखाली ओझ्यांना साखळ्या बांधल्या आणि निवृत्त झाल्यावर डायव्हिंग शिकायला घेतलं. कानांत दडे बसायचे. दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास.

आमच्याकडे मे महिन्यात हिवाळा लागतो, तेव्हा पॉइंट लोलीच्या खडकांशी हजारो माकल्या, दहा हातांचे ते समुद्री जीव, अंडी घालायला येतात. आम्ही हौशी डायव्हर दर वर्षी पाण्याखाली पन्नास मीटर फीत अंथरतो आणि तिच्या दोन्ही अंगांच्या माकल्या मोजतो. लाइल नाव नोंदवायला आला, तेव्हा आमची प्रमुख ग्वेंडा म्हणाली, "अरे, पापणी लवायच्या आत रंग बदलतात त्या. तुला काय दिसणार?"

"त्यांना तरी रंग कुठे दिसतात?" लाइल म्हणाला. "उतरू दे एकदा."

पहिल्या दिवशी ग्वेंडाच्या पाण्यात लिहायच्या पाटीवर एकेचाळीस होत्या, लाइलच्या पाटीवर सत्तावन्न.

"शेवाळसुद्धा मोजलंस वाटतं," ती म्हणाली.

"चल, दाखवतो."

पाणी बारा अंश होतं आणि दोघंही गारठलेले, तरी पुन्हा उतरले. मीही मागोमाग गेलो. लाइलने शेवाळाच्या एका झुपक्याकडे बोट केलं. मला नुसतं शेवाळच दिसलं. माकलीच्या कातडीवरही तसेच खरबरीत उंचवटे, तसेच ठिपके. मग कडेची झालर हलली आणि नागमोडी बाहुली असलेला डोळा आमच्याकडे वळला. अशा सोळा निघाल्या. एका दांडग्या, पट्टेरी नराशेजारी दोन माद्या होत्या. लाइलने त्यातल्या एकीपुढे हात धरून आम्हाला थांबवलं. थोड्या वेळाने थोरला नर दुसऱ्या नराशी भांडायला वळला, तशी या 'मादी'ने मादीसारखे आखडून घेतलेले हात सोडले आणि खऱ्या मादीला गाठलं. तो लहानखुरा नर होता.

वर आल्यावर ग्वेंडाने स्वतःचा आकडा खोडला. "कसं ओळखतोस रे?"

"रंगाकडे बघतच नाही. कड बघतो."

तेव्हापासून प्रत्येक फितीवर दोघं मोजतात, त्यातला एक लाइल. गेल्या नोव्हेंबरात त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा महिने ओझं उचलायला मनाई केली, तर त्याने दिवस मोजून ठेवले आणि मे महिन्यात हजर. तरी खडकांवरून त्याचा हवेचा सिलिंडर ग्वेंडानेच वाहिला.

"म्हाताऱ्या, घरी बस की," ती धापा टाकत म्हणाली.

"पाण्यापर्यंतच आण," लाइल म्हणाला, "पुढचं माझं मी बघतो."