शनिवारचा चमचा

गॅरेजांच्या गल्लीतलं ते पिझ्झाचं दुकान दिसायला काही खास नव्हतं. सहा टेबलं, विटांची भट्टी, दार नीट न लागणारा बिअरचा फ्रिज, आणि दुपारी बारा ते अडीच पाय ठेवायला जागा नाही. दुकान मेहुण्याचं, पण दबदबा मास्तरांचा. मास्तर म्हणजे भट्टीवरचे, मालकाच्या थोरल्या बहिणीचे नवरे. कुणाकुणाच्या नाकावर माशी बसत नाही म्हणतात. यांच्या जिभेवर टोमॅटोची बीसुद्धा विनापरवाना बसत नसे.

शनिवारी नवा सॉस शिजायचा. मास्तरांनी त्यातला चमचाभर सगळ्यांदेखत तोंडात घोळवून "सोडा" म्हणेपर्यंत ना पिझ्झा भट्टीत जायचा, ना बिअरचं एक झाकण उडायचं. हा तिथला रिवाज, आणि तो मास्तरांनीच पाडलेला. घशाला कोरड पडलेली तीस-चाळीस माणसं त्या एका चमच्याकडे बघत बसायची आणि मास्तर मुद्दाम वेळ लावायचे. आयुष्यात सुख म्हणून त्यांना एवढंच होतं, पण ते त्यांनी दुसऱ्याच्या जिवावर पुरेपूर उपभोगलं.

सॉस करणारी बाई बारा वर्षं तिथे होती. एकदा तिचा लसूण किंचित करपला, तर मास्तरांनी अख्खं पातेलं तिच्यासमोर मोरीत ओतलं. वर विचारलं, "अशा हातांनी नवऱ्याला जेवायला घालत होतीस? मग गेला त्यात नवल काय?" माणसं हसली. कोपऱ्यातल्या टेबलावर रोज बसणारा न्हावी तेवढा म्हणाला, "मास्तर, बाईमाणसाला असं बोलू नये." त्यालाही उत्तर मिळालं, "तू डोकी भादर."  दुसऱ्या दिवशी न्हावी पुन्हा आला, कारण तशी थंडगार बिअर आसपास कुठेच मिळत नव्हती.

यंदाच्या थंडीत मास्तर आठ दिवस तापाने फणफणले. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. काहीही खाल्लं तरी ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटायचं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. ती आली नाही. मास्तरांनी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगणार कसं? जीभ वजा केली तर उरत काय होतं? गुडघे धरलेला, मेहुण्याच्या आसऱ्याला राहिलेला एक म्हातारा. त्या विचारानेच त्यांची पाचावर धारण बसायची.

मग अक्कल लढवणं आलं. सॉसचा रंग बघायचा, चमच्यावरून तो कसा ओघळतो ते बघायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाईचा चेहरा बघायचा. तिची नजर खाली गेली की काहीतरी बिघडलंय हे ठरलेलं. काहीच उमगलं नाही तर "मीठ चिमूटभर कमी" म्हणायचं. मीठ चिमूटभर कमी नाही असा पदार्थ जगात शोधून सापडायचा नाही. झाकली मूठ तीन महिने झाकलेली राहिली.

त्या शनिवारी मास्तरांची बायको दुकानात आली. ती कधी येत नसे. आली आणि गल्ल्यापाशी उभी राहिली. मेहुणा फ्रिजजवळ ओपनर घेऊन होता. बाईने चमचा पुढे केला आणि बारा वर्षांत प्रथमच मास्तरांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. त्यांना त्या चेहऱ्यावरचं काही म्हणजे काही वाचता येईना.

त्यांनी सॉस नेहमीसारखा तोंडात घोळवला, डोळे मिटले, गिळला. घसा खवखवला. मिरी जास्त झाली असणार, त्यांनी मनाशी ताडलं.

"मिरी जरा चढलीय," ते म्हणाले. "मीठ अजून चिमूटभर लागेल. बाकी ठीक. सोडा!"

एकही झाकण उडालं नाही.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "दोन मुठी मीठ आहे त्यात."

"तीन," बाई म्हणाली.

आधी न्हावी फिस्कन हसला, मग सगळं दुकान. कुणीतरी बोट बुडवून चाटलं आणि थू थू करत मोरीकडे पळालं, तसा हशा आणखी वाढला. "मास्तर, घालू का अजून चिमूटभर?" न्हाव्याने विचारलं, आणि माणसं टेबलं बडवायला लागली. हीच माणसं मास्तरांच्या "सोडा"साठी तीन महिने निमूट तहानलेली बसत होती. मास्तर चमचा धरून तसेच उभे. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

"भट्टीवर उद्यापासून दुसरा माणूस येतोय," मेहुण्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं आणि त्यांच्या हातातला चमचा काढून ओपनर दिला. "तुम्ही बाटल्या उघडत जा. त्याला जीभ लागत नाही. चला, लोक तहानलेत."

सगळ्यांत बायको तेवढी हसत नव्हती. मास्तर तिच्यापाशी गेले.

"तू सांगितलंस याला?"

"हो."

"तुला कसं कळलं?"

"ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या हातचं खाऊन 'छान झालंय' म्हणालात. तीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच समजले, जीभ गेली म्हणून. मग खात्री करायला मीठ घालणंच सोडलं. तुम्ही रोज छान म्हणत राहिलात."

"मग तीन महिने गप्प का बसलीस?"

"बरं वाटायचं हो ऐकायला. खोटं का असेना."

मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, दोन थंड!" त्यांनी वळून बघितलं नाही.

"मग आत्ताच काय झालं?"

"परवा हौसेने सकाळपासून राबून केलं," ती म्हणाली. "मीठ घातलं, सगळं घातलं. म्हटलं, एकदा तरी खरं छान म्हणवून घेऊ. तुम्ही म्हणालात, रोजच्यासारखंच झालंय."