ओव्हाळबाईंनी रिजेक्ट केलेलं इंजिन

प्रियदर्शनी ओव्हाळ यांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू बनवली नाही. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू रिजेक्ट केल्या, आणि त्याबद्दल हडपसरच्या इंजिनांच्या कारखान्याने त्यांना निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडायचं. बाईंनी चौथ्याच दिवशी ते उतरवून कपाटात टाकलं.

शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी त्यांना सरळ रेघ ओढायला शिकवलं होतं. पुढे काम मिळालं तेही रेघेवर बोट ठेवण्याचंच. थंडगार काचेच्या खोलीत बसायचं, लेथवरच्या टर्नर मंडळींनी ट्रॉलीवरून आणलेल्या सिलिंडरमध्ये आतला व्यास मोजणारं बोअर गेज सोडायचं, काट्याकडे बघायचं आणि लाल चिठ्ठी चिकटवायची. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. दहा मायक्रॉनची सूट होती. अकरावा दिसला की चिठ्ठी. माणसं हात जोडायची, शिव्या मनात द्यायची, पाठीमागे 'लाल बाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

या बाईंची गाडी होती एक फियाट. शहाऐंशी सालची, सायीच्या रंगाची, गिअरची दांडी स्टिअरिंगला असलेली. मिस्टर होते तेव्हा ते चालवायचे आणि बाई शेजारी बसून त्यांच्या चुका सांगायच्या. नऊ वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून बाई एकट्या चालवतात आणि चुका सांगायला कोणी नसल्यामुळे आपण उत्तम चालवतो, असा त्यांचा समज झाला आहे. परवान्यावर 'हलकी वाहने' असं लिहिलं असलं तरी त्यांच्या हाताला ही एकच गाडी येते. मुलाने, शुभंकरने, एकदा आपली नवी गाडी चालवायला दिली. बाईंनी सवयीने स्टिअरिंगजवळची दांडी ओढली आणि भर उन्हात वायपर फिरायला लागले. त्या दिवसानंतर त्यांनी तो नाद सोडला.

म्हणजे फियाट गेली की बाईंचं स्वतःच्या मर्जीने कुठे जाणं गेलं. रविवारी मांजरीच्या विहारात वंदनेला जाताना वाटेतल्या दोन मैत्रिणींना उचलून न्यायचं, तेही गेलं.

मार्चमध्ये गाडीने निळा धूर ओकायला सुरुवात केली. सोसायटीच्या सूचनाफलकावर कोणीतरी लिहिलं, 'डास मारण्याची फवारणी रोज सकाळी सव्वानऊला होते. आभार.'

शुभंकर आयटीतला. त्याने सगळं तारखांवर आणून ठेवलं.

"आई, वीस जूनला रजिस्ट्रेशन संपतंय. त्याआधी इन्स्पेक्शनला पास झाली तर झाली. नाहीतर स्क्रॅप. डील?"

"डील," बाई म्हणाल्या. "आणि ती तुझ्या फोनमधली टॅक्सी मला दाखवू नकोस. ते लोक ब्रेक उशिरा दाबतात."

बिबवेवाडीत हिंमतरावांचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. इंजिन उतरवायचं, सिलिंडर घासून मोठे करायचे, म्हणजे 'बोअर' करायचे, त्यात पुढच्या मापाचे पिस्टन बसवायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. बाई पोचल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये बोअर गेज होतं. हिंमतरावांनी ते पाहिलं आणि पानाची पिंक टाकून आले.

"ओव्हाळबाई, चाळीस वर्षांची गाडी आहे. हिला मायक्रॉन कळत नाहीत."

"मला कळतात ना."

एप्रिलच्या अखेरीस पहिलं बोअर झालं. मशीन थांबलं तशा बाई पदर खोचून पुढे झाल्या. चार सिलिंडर, प्रत्येकात वर, मध्ये, खाली, उभं-आडवं. चौथ्यात चौदा मायक्रॉनचा फरक निघाला.

"रिजेक्ट."

"अहो बाई, चौदा म्हणजे किती, केसाचा पाचवा भागसुद्धा नाही!"

"मग पाचवा भाग काढा."

काढायचा म्हणजे पुन्हा घासायचं आणि पिस्टनची पुढची साइझ घ्यायची. हिंमतरावांनी घेतली. दुसऱ्या वेळी तिसरा सिलिंडर किंचित लंबगोल निघाला. रिजेक्ट. तिसऱ्या वेळी तिन्ही बरोबर, चौथा पुन्हा तेरा. हिंमतरावांनी वर मान करून बाईंकडे बघितलं. चौतीस वर्षांत असं बघणारे शेकडो पाहिलेले असल्यामुळे बाईंवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

"आता शेवटची साइझ," ते म्हणाले. "हिच्यापुढे पिस्टन नाही, आणि सिलिंडरला भिंतही नाही. विचार करा."

बाईंनी विचार केला नाही. मापासमोर कसला विचार?

चौथं बोअर संपायला संध्याकाळ झाली आणि नेमकी बाईंना घाई होती, म्हणून त्या माप घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. गेज आत सोडलं. चार मायक्रॉन. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात पाच. चौथ्यात चार. कारखान्यातसुद्धा असा चार सिलिंडरांचा ब्लॉक वर्षातून एखादा यायचा.

"बघा!" बाई म्हणाल्या. "माझ्यामुळे जमलं की नाही?"

हिंमतराव चहा ओतत होते. "काल रात्रभर थंड झालंय ना ते. तीन वेळा तुम्ही गरमागरमच मोजलंत. मला वाटलं, तुमची काहीतरी कंपनीची पद्धत असेल."

बाईंच्या हातातलं गेज तसंच राहिलं.

कारखान्यात मापाच्या खोलीचं तापमान बारा महिने वीस अंश असायचं. आलेला माल आधी सहा तास त्या खोलीत निवायला ठेवायचे आणि मगच बाईंच्या टेबलावर यायचा. तो ठेवायचं काम बाईंचं नव्हतं. ते कोणीतरी करून ठेवलेलं असायचं. तापलेलं लोखंड फुगतं, एका बाजूला जास्त तापलं तर एका बाजूला जास्त फुगतं, हे बाईंनी नव्या भरतीच्या पोरापोरींना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं होतं. आणि इथे एप्रिल-मेच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली, मशीनवरून उतरलेला ब्लॉक मोजून त्यांनी तीन वेळा छाती पुढे काढून 'रिजेक्ट' म्हटलं होतं. पहिलं बोअर बहुधा ठीकच होतं. दुसरंही. आता ते कधीच कळणार नव्हतं, कारण त्यांचा भुगा झाडून बाहेर टाकला होता.

"हिंमतराव," बाई म्हणाल्या, "मी गाढव आहे."

"चहा घ्या," हिंमतराव म्हणाले. त्यांनी नाकारलं नाही, हे बाईंच्या लक्षात आलं.

पण खरा मार पुढेच होता. ब्लॉकमध्ये सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत पाणी भरून दाब दिला, तेव्हा चौथ्या सिलिंडरच्या आत एक थेंब उमटला. मग दुसरा. घासून घासून भिंत इतकी पातळ झाली होती की सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. आतून नळीसारखी स्लीव्ह बसवायलाही आता भिंत उरली नव्हती. इतक्या अचूक मापाचं भंगार हिंमतरावांच्या वर्कशॉपमध्ये याआधी कधी तयार झालं नव्हतं.

वीस जूनला एकोणीस दिवस राहिले.

"आता एकच," हिंमतराव म्हणाले. "दुसरं इंजिन. मांजरीत एक जण आहे, माऊली म्हणून. त्याच्या उसाच्या बांधावर एक फियाट उभी आहे. पण तो माणूस जरा तुमच्यासारखाच आहे."

माऊलींच्या गाडीच्या तळाला भगदाडं पडली होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. इंजिन मात्र पुसलेलं. दर दसऱ्याला वडिलांच्या नावाने हार घालून ते दहा मिनिटं सुरू करायचे आणि पुन्हा वर्षभर ताडपत्री.

"चालतंय," माऊली म्हणाले. "न्यायचं तर आसंच न्या. हितं खोलायचं न्हाई."

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय कसं घेऊ?" बाईंचा हात पर्सकडे गेला होता.

"तीन जण आले. खोललं, बघितलं, नावं ठिवली आन् गेले. मला परत बसवायला दोन दिस लागले. नावं ठिवायची हायती तर घरी नेऊन ठिवा, ताई."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थुंकलं आणि लागलं. कोंबडी हलली नाही. बाई बॉनेटजवळ कान नेऊन उभ्या राहिल्या. आवाज बरा होता. बरा म्हणजे किती, याला त्यांच्याकडे आकडा नव्हता. आकड्याशिवाय 'हो' म्हणायची त्यांना सवय नव्हती. लग्नालासुद्धा त्यांनी पगार, उंची आणि चष्म्याचा नंबर विचारून होकार दिला होता.

"घेते," त्या म्हणाल्या. हा आपलाच आवाज का, म्हणून त्यांनी हिंमतरावांकडे पाहिलं.

चेन-पुलीने जुनं बाहेर, नवं आत. नव्या इंजिनाच्या नंबराची कागदपत्रं शुभंकरने लॅपटॉपवर आणि दोन हेलपाट्यांत पुरी केली. गाडी सुरू झाली, धूर गेला. एक बारीकसा आवाज मात्र राहिला. टिक, टिक, टिक. वेग वाढला की वाढायचा.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी बाई पार्किंगमध्ये पाना घेऊन उतरल्या. वरचं झाकण दोन नटांवर असतं. नुसतं उघडून बघायचं. बघायला काय हरकत आहे? पहिला नट सुटला. तेवढ्यात शुभंकर घरून काम करायचं सोडून खाली आला.

"आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"आवाज येतोय."

"चालतेय ना?"

"चालतेय."

"ओपन केल्यावर काहीतरी सापडेल?"

"सापडेलच. आजवर मी काही उघडलं आणि सापडलं नाही, असं झालेलं नाही."

"सापडल्यावर उद्यापर्यंत नीट करशील?"

बाई दुसऱ्या नटावर पाना धरून उभ्या राहिल्या. सापडलं की आपण रिजेक्ट करणार, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. नीट करणं त्यांना येत नव्हतंच. त्यांना फक्त सापडवणं येत होतं. एवढी साधी गोष्ट कळायला त्यांना अडुसष्ट वर्षं लागली होती. आणि रविवारी दोन बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहणार होत्या.

त्यांनी सुटलेला नट परत बसवला. आणि माप न घेता, नुसत्या हाताने घट्ट केला.

तपासणीच्या मैदानावर निरीक्षक म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, वाकून चासीचा नंबर कागदावर पेन्सिलीने उतरवून घेतला. तिची पद्धत बाईंना पसंत पडली. तशी त्यांना कोणाची पडत नसे. मग ती बॉनेटपाशी थांबली. टिक, टिक, टिक.

"मॅडम, इंजिन बदललंय ना? कसं आहे?"

बाईंकडे या प्रश्नाची चाळीस प्रकारची उत्तरं होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "चालतं."

मुलीने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. "एक राउंड मारा."

बाईंनी मारला. दुसऱ्या गिअरला दांडी नेहमीसारखी अडली, त्यांनी ती नेहमीसारखी चुचकारली. मुलीने फॉर्मवर काहीतरी लिहिलं, शिक्का उठवला आणि पुढच्या टेम्पोकडे निघाली. शुभंकरने फोन बघून ओरडून सांगितलं, "आई, आणखी पाच वर्षं!"

रविवारी सकाळी दोघी मैत्रिणी मागे बसल्या. मगरपट्ट्याच्या पुलावर बाईंनी वेग धरला, तसा आवाज स्पष्ट झाला.

"प्रिया, काहीतरी वाजतंय का गं?" मागून एक जण म्हणाली.

बाईंनी गाडीचा वेग तसाच ठेवला, डावा हात स्टिअरिंगवर धरला आणि उजव्या हाताने खिडकीची काच वर केली.