कडेला सरकवलेलं सॉसेज

जर्मनीत आमच्या स्टेशनबाहेर सॉसेजची गाडी लागते. हे होते तेव्हा दर शनिवारी आम्ही तिथे जायचो. निखाऱ्यांवर भाजलेलं लांबलचक सॉसेज इवल्याशा पावात घालून देतात. सॉसेज यांचं, मोहरीची चटणी लागलेला पाव माझा, मी शाकाहारी.

हे गेल्याचं नातेवाइकांना, बँकेला, सगळ्यांना कळवलं. गाडीवरच्या बाईंना कळवायचं मात्र राहूनच गेलं.

काल एकटीच गेले.

"मिस्टर नाही आले?" त्यांनी विचारलं.

"येताहेत मागून." माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मला नुसता पाव दिला आणि एक सॉसेज करपू नये म्हणून कडेला सरकवून ठेवलं. अधूनमधून ते उलटत बाई रस्त्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने मीही बघायला लागले.