शिवेच्या अलीकडचे फौजदार

नृसिंह खरवंडीकर फौजदार मूर्ख नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार, आणि मध्येमध्ये थांबून खुलासे करत बसायचा मला कंटाळा आहे. ते प्रामाणिक होते, इतकंच. पण प्रामाणिकपणा मिठासारखा भाजीत घालायचा असतो. ह्या गृहस्थांनी मिठाचीच भाजी केली होती.

त्रेचाळीस साली ते शेवगावला होते. चळवळीतला एक कॉलेजचा मुलगा त्यांच्या ताब्यात आला. तो म्हणाला, चार दिवस पारोसा आहे, नदीवर नेता का? फौजदारांनी नेलं. मुलगा डोहात उतरल्यावर सभ्यपणा म्हणून ह्यांनी पाठ फिरवली. आंघोळ फारच लांबली असं वाटून वळून पाहतात तो काठावर फक्त सरकारी तांब्या! फौजदार निलंबित झाले आणि कैदी पळू दिल्याचा खटला त्यांच्यावर उभा राहिला. लोक देशभक्त म्हणून त्यांच्या पाया पडायला लागले, तर हे पाय मागे घेत. "अहो, देशासाठी नाही फिरवली पाठ. लाज वाटली म्हणून फिरवली." इतकी आयती देशभक्ती त्या काळात दुसऱ्या कुणी नाकारल्याचं मला तरी ठाऊक नाही.

त्यांचे वकील म्हणजे माझे वडील, शरच्चंद्र वकील. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मी नुकतीच पुण्याहून बी.ए. होऊन आले होते आणि घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. ते टाळायला मी नानांची कारकुनी करत होते. त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, ऐकीव नाही.

नानांनी जामीन मिळवून दिला. अट अशी की खटला संपेपर्यंत हिवरटाकळीची शीव ओलांडायची नाही; कोर्टाच्या तारखेला तेवढी सूट. हिवरटाकळीच का, तर तिथे त्यांच्या बायकोचा, अंबिकाबाईंचा, भाऊ शाळामास्तर होता आणि त्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या होत्या. अट मोडली तर जामीन रद्द आणि मुक्काम नगरच्या तुरुंगात. तिथली निम्मी माणसं फौजदारांनीच आत पाठवलेली. "तिथं ह्यांना कुणी ओवाळायला बसलेलं नाही," असं अंबिकाबाई म्हणायच्या आणि हे म्हणताना त्यांच्या हातातलं लाटणं थांबायचं.

गावात पाऊल टाकल्या टाकल्या फौजदारांनी राधाकृष्ण पाटलांना गाठलं. "पाटील, तुमची शीव नेमकी कुठं ते दाखवा. चूक व्हायला नको."

पाटलांनी उत्तरेकडे हात केला. "त्ये शमीचं झाड दिसतंय का? त्येच्या अलीकडं आपलं गाव. झाड शिवंच्या भाईर."

झालं. त्या दिवसापासून फौजदार झाडाच्या अलीकडे. मास्तरांची शेळी झाडाखाली गेली तर हे वीस पावलांवर उभे राहून तिला सभ्य भाषेत परत बोलवायचे. शेळी ऐकायची नाही. झाडापलीकडच्या विहिरीचं पाणी गोड, म्हणून सगळं गाव तिथून भरायचं, अंबिकाबाईही डोक्यावर हंडा घेऊन जायच्या आणि हे रिकाम्या हाताने अलीकडे थांबून म्हणायचे, "इथून पुढे मी घेतो."

मग दसरा आला. आता दसऱ्याला सीमोल्लंघन असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. पालखी निघते, गाव शीव ओलांडतं, शमीची पूजा होते, आपट्याचं सोनं लुटून लोक घरी येतात. फौजदार मिरवणुकीत गेले ते झाडाच्या अलीकडे येऊन थांबले.

"थांबला का, सायेब?" पाटलांनी विचारलं.

"इथं माझी हद्द संपली."

"वर्साचा सन हाय! गाव शीव वलांडतंय आन् तुमी मागं? असं कुटं आस्तं व्हय!" पाटलांनी डोळ्याने खूण केली. दोन तालीमबाज पोरांनी फौजदारांना खांद्यावर उचललं आणि थेट शमीच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. ह्यांनी कुणाला सोनं दिलं नाही, कुणाचं घेतलं नाही. घरी आले आणि मॅजिस्ट्रेटना अर्ज लिहिला: मी आज शीव ओलांडून जामिनाची अट मोडली आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी. मेव्हण्याने तो निमूटपणे शेवगावात नेऊन दिला. मास्तर माणूस, अर्ज द्यायला सांगितला की देतो.

नाना अर्ज वाचून मटकन खाली बसले. "ह्या माणसाला जामिनावर सोडवण्यात अर्थ नाही. हा पुन्हा स्वतःला पकडून देतो." दुसऱ्या दिवशी आम्ही छकड्यातून हिवरटाकळी गाठली.

अंबिकाबाई दारातच होत्या. "एका चोरासाठी बढती अडली होती, वकीलसाहेब. आता बघा, एक पकडला!"

"मला उचलून नेलं," फौजदार म्हणाले, "पण मी ओरडलो नाही. म्हणजे माझी संमती होती असं धरावं लागेल."

"तुम्ही धरू नका! धरायला सरकारी वकील आहे," नाना ओरडले.

उचलून नेणं म्हणजे ओलांडणं नव्हे, असा मुद्दा काढायचा नानांचा विचार होता, आणि त्यासाठी त्यांना पाटलांची साक्ष हवी होती. म्हणून आम्ही पाटलांकडे गेलो. ओट्यावर पाटलांची आई, गोजरबाई, शेंगा फोडत बसली होती. नानांनी सगळं सांगितलं तशी म्हातारी फसकन हसली.

"शीव? आमी शीव कवा वलांडली? ती तर झाडाच्या फुडं, वढ्याकाठी धोंडा हाय तितं."

"आये, गप!" पाटील आतून धावत आले.

"गप कशापाई? तुज्या बापाचं वढ्यापल्याडच्या सावरखेड्याशी भांडान झालं, डोकी फुटली. तवापासनं शीव वलांडायची कुनाची छाती हाय? खरी शमी ऱ्हाइली वढ्यापल्याड. त्यानं ही नवी लावली, अलीकडं, आपल्याच रानात!"

म्हणजे गेली वीस वर्षं हे गाव वाजतगाजत आपल्याच हद्दीत हिंडून घरी येत होतं आणि शीव ओलांडली म्हणून सोनं लुटत होतं. पाटलांनी फौजदारांना शीव दाखवली तीही त्याच थापेला धरून. मला हसू आवरेना. नानांनी माझ्याकडे रागाने पाहिलं.

"पाटील, एवढंच कोर्टात सांगा. माणूस वाचेल."

पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "वकीलसायेब, खरं सांगितलं न्हाई तर एक मानूस तुरुंगात जाईल. सांगितलं तर आक्ख्या गावाला तोंड दाखवाया जागा ऱ्हानार न्हाई. सावरखेड्याच्या पोरी भांडनाआदी आमच्याकडं दिलेल्या हायेत. त्या रोज भाकरीसंगं वाडतील हे."

कोर्टात त्यांनी गावाचीच लाज राखली. गावाची शीव कुठे, असं विचारल्यावर म्हणाले, "हाय तितंच हाय." तलाठ्याला बोलावलं तर तो पाटलांचा भाचा, नेमका तापाने आडवा झाला. आरोपी मात्र उभा राहून प्रत्येक प्रश्नाला "होय साहेब, ओलांडली" म्हणत होता. मॅजिस्ट्रेट वैतागले. सर्दीने त्यांचं नाक लाल झालं होतं. म्हणाले, मी स्वतः जागा बघतो.

रविवारी सगळा लवाजमा झाडाशी आला. फौजदार अलीकडे थांबले.

"चला पुढे."

"साहेब, हुकूम द्यावा."

"दिला."

"लेखी असता तर बरं झालं असतं," असं पुटपुटत ते पहिल्यांदा आपल्या पायांनी झाडापलीकडे गेले. ओढ्याकाठी धोंडा होता. त्याच्या पलीकडे सावरखेड्याचे पाटील, नावाने श्रीमंत, दहाबारा माणसं घेऊन, तमाशाला यावं तसे येऊन बसले होते.

"शीव कोणती?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

राधाकृष्ण पाटलांनी खाली मान घातली. पण पलीकडून आवाज आला. "मी सांगतो की, सायेब! ह्यो धोंडाच शीव. आन् हिवरटाकळीवाल्यांनी वीस वर्सांत त्याच्याम्होरं पाय टाकला न्हाई. ह्यांच्या बापानं शीव सोडली. ह्यांचं दसऱ्याचं सोनं म्हंजी बकरीचा पाला!"

नानांचा चेहरा उजळला. खटल्याला हवी होती ती साक्ष फुकटात मिळाली होती. पण पाटलांच्या कपाळाची शीर टम्म फुगली. "बाप काडतो व्हय रं? चला रं!" असं म्हणून त्यांनी धोंड्यावरून उडी मारली. गाव त्यांच्यामागे. ओढ्याचं पाणी उडालं. कोणी कुणाला मारतंय की काय म्हणून सरकारी वकील धोतर सावरत गेले, त्यांना धरायला नाना गेले, मी गेले, आणि "थांबा, थांबा" म्हणत मॅजिस्ट्रेटही ओढ्यात उतरले. गोजरबाईला नातवाने पाठंगुळी घेतलं होतं. बाकीचे सगळे त्या जुन्या शमीशी पोचले आणि तिथे कुणाला काही सुचेना, कारण वीस वर्षांत पुढचं भांडण काय करायचं हे दोन्ही बाजू विसरल्या होत्या.

"आलात एकदाचे," श्रीमंत पाटील म्हणाले. "माजा बाप मरंस्तवर तुमची वाट बघत हुता. मारायला का मिठीला, त्ये त्येलाच ठावं. बसा, पानी प्या."

मी मागे वळून पाहिलं. धोंड्याच्या अलीकडे, बोटभरही पुढे नाही, फौजदार एकटे उभे होते. हात पाठीशी बांधलेले. "परत या!" ओरडत होते. "साहेब, आपणसुद्धा! ही हद्द आहे!"

मॅजिस्ट्रेटनी नाक पुसलं. तिथेच, ओढ्यात उभ्या उभ्या, त्यांनी निकाल दिला. अट मोडलेली नाही. इथं हजर असलेल्यांपैकी शीव न ओलांडलेला हा एकच इसम दिसतो.

नाना सुटकेचा निःश्वास टाकतात तोच फौजदारांनी घसा खाकरला. "साहेब, एक विनंती. दसऱ्याला मला शीव अलीकडेच वाटत होती. म्हणजे मनाने तर मी..."

अंबिकाबाई एवढ्यात घराकडून येऊन, डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या मागे उभ्या राहिल्या होत्या. त्या पुढे झाल्या. "साहेब, जामीन ह्यांच्या मनाला दिला होता का?"

"नाही बाई. देहाला."

"मग देह माझ्या ताब्यात द्या. वाढायची वेळ झाली." आणि दंडाला धरून त्यांनी नवऱ्याला घराकडे वळवलं.

मूळ खटल्यातून फौजदार पुढे सुटले. त्यांच्याविरुद्ध साक्षीदारच मिळाला नाही. मिळण्यासारखा एकच होता, आणि तो उभा राहायला लागला की नाना त्याचा कोट ओढून खाली बसवायचे.