मामाची कबुली आणि मामीचं इंग्रजी

माझा मामा नळदुरुस्तीवाला. चाळीस वर्षं त्याने आमच्या भागातल्या प्रत्येक न्हाणीघरात डोकं घातलंय. माणूस लाखात एक, पण पापनिवेदनाचं नाव काढलं की ह्याला नेमकी कुणाच्या तरी टाकीची आठवण व्हायची. दर रविवारी चर्चला जाणार, शेवटच्या बाकावर बसणार, बाहेरचा नळ गळत असेल तर मिस्सेची प्रार्थना अर्धी टाकून तो बंद करून येणार. पण ज्या खोलीत फादरपुढे बसून आपली पापं सांगायची, तिथे सव्वीस वर्षांत त्याचं पाऊल पडलं नव्हतं.

मामीने टोकलं की उत्तर तयार. ज्या फादरच्या संडासाची टाकी मी दुरुस्त करतो त्याला माझी पापं कशी सांगू? उद्या टाकी परत गळली तर म्हणेल, पाप्याचा हात लागला. ह्यावर मामी कपाळावर हात मारून घ्यायची आणि मी हसायचे. हसायला माझं काय जात होतं, नवरा तिचा होता.

मग मामाच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणाले, बदलावी लागेल. मामाने त्यांना सगळ्यात आधी काय विचारलं असेल? झडप कुठल्या कंपनीची आणि गॅरंटी किती वर्षांची. डॉक्टर हसले, पण मामी वेगळाच हिशेब करत होती. सव्वीस वर्षांचा साठा घेऊन हा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार, आणि उठलाच नाही तर? ह्या जन्मी जेमतेम चाळीस वर्षं सोबत मिळाली, वर गेल्यावर ह्याला वेगळ्या खात्यात टाकलं तर मी काय करू, असं ती मला विचारायची आणि खरोखर रडायची.

त्याच आठवड्यात चर्चच्या फलकावर यात्रेची जाहिरात लागली. अकरा दिवस, तीन देश, नऊ पवित्र स्थानं. मामीने दोघांची नावं दिली. डॉक्टरांनी ऑपरेशन परतल्यावर ठरवलं आणि चढ चढायचा नाही ह्या अटीवर परवानगी दिली. मी नर्स आहे म्हणून तिसरं नाव माझं. मला कुणी विचारलं? छे. माझी वर्षभराची साठवलेली रजा मामाच्या पापांत गेली.

यात्रेत आम्ही बेचाळीस जण आणि वर आमचे फादर. पहिल्या विमानतळावरच मामाचा पाना जप्त झाला. यात्रेला पाना कशाला, ह्यावर म्हणे, सवयीचा आहे, खिसा रिकामा वाटतो. पुढे रोज तेच. पहिल्या ठिकाणी एका संताचा दात होता. सगळे गुडघे टेकून रडताहेत आणि हा मान वर करून छताच्या पन्हाळीकडे बघतोय. दुसऱ्या ठिकाणी पवित्र झरा. लोक बाटल्या भरून डोळ्यांना लावताहेत आणि मामा मला कानात सांगतोय की पाण्याला दाब झकास आहे, पण खालचा जोड कच्चा आहे, दोन वर्षांत फुटेल. मामीने पाच लिटरचा कॅन भरून घेतला होता. तो बसमध्ये गळला आणि पुढच्या रांगेतल्या तीन बायकांच्या चपला पवित्र झाल्या. मामाने माझ्या प्रथमोपचाराच्या पेटीतली सगळी चिकटपट्टी त्या कॅनला गुंडाळली. कुणाला खरचटलं असतं तर मी काय लावलं असतं, माझं कपाळ?

तिसऱ्या हॉटेलात तर कहर झाला. रात्रीचं जेवण उरकून सगळे खोल्यांत गेले, आणि गरम पाणी कुठल्या बाजूला फिरवलं की येतं ते एकालाही कळेना. मग काय, मामाला मान आला. टॉवेल गुंडाळलेली अर्धी यात्रा त्याच्या दारात. दुसऱ्या दिवशी आमचे फादर उपदेशात म्हणाले, सेवा हीच खरी प्रार्थना, आणि मामाकडे बघून हसले. मामीने मला कोपराने ढुशी दिली, बघ, किती चांगला माणूस आहे, आता एवढं एकच राहिलंय.

पुढच्या प्रवासात मामी खिडकीला टेकून झोपली, तेव्हा मामा माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, ठरवलंय, परवाच्या मोठ्या चर्चमध्ये जाऊन बसतो. तिथे म्हणे वेगवेगळ्या भाषांचे फादर बसतात, दारावर पाटी असते. ज्याची भाषा आपल्यातल्या कुणालाच येत नाही तो गाठायचा आणि मराठीत सगळं सांगून मोकळं व्हायचं. फादरला कळायची गरज काय? देवाला मराठी येतं, बास.

मी म्हटलं, असं पाप तरी काय केलंयस तू, एखाद्याचा खून?

मामाने एकदा मामीकडे बघितलं आणि सांगितलं. मामी घरीच मुलांना इंग्रजी शिकवते, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. पण सव्वीस वर्षांपूर्वी तिने दूरच्या शहरातल्या एका मोठ्या शाळेत नोकरीसाठी परीक्षा दिली होती, मुलाखत दिली होती. उत्तर आलं नाही. आपण नापास झालो असं तिने धरलं आणि पुन्हा कुठे अर्ज केला नाही. अजूनही शिकवणीतलं एखादं पोर परीक्षेत आपटलं की ती सांगते, मीही नापासच आहे, मेले का? तर उत्तर आलं होतं. ते मामाच्या हातात पडलं, आणि त्याने ते हत्यारांच्या पेटीत तळाशी घातलं.

मला त्याचा इतका राग आला की मी खिडकीकडे तोंड केलं. आणि मग त्याची नाडी बघितली, कारण त्याच्या ओठांवर घाम आला होता. ह्या मेल्या मामावर धड रागावताही येत नाही.

मोठ्या चर्चमध्ये एका बाजूला काचेच्या दारांच्या खोल्यांची रांग होती. मामाने पाट्या बघत बघत बरोबर टोकाची खोली गाठली. आत ऐंशीच्या पुढचे एक म्हातारे फादर, कानाला यंत्र लावलेले. मामा आत गेला, दार लागलं, आणि मामी तिथेच बाकावर डोळे पुसायला बसली. आमची निम्मी यात्रा तिच्या आनंदात सामील व्हायला गोळा झाली.

मामाच्या हिशेबात एक चूक झाली. म्हातारे फादर कामाला पक्के निघाले. जे आपल्याला कळलं नाही त्याची क्षमा द्यायची कशी? दोन मिनिटांत दार उघडून ते बाहेर आले, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, इंग्लिश? वीस बोटं एकदम मामीकडे वळली.

मी पुढे झाले. म्हटलं, मामी, तू बस, मी जाते. मामी म्हणाली, तुझं इंग्रजी इस्पितळातलं, तुला तापाचे शब्द येतात, पापाचे कुठे येतात? तिने पर्स आणि तो चिकटपट्टीचा कॅन माझ्या हातात दिला. फादरनी ओठांवर बोट ठेवून तिला खूण केली, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. तिने मान डोलावली. तिसऱ्या माणसासाठी आत जागा नव्हती, त्यामुळे ती दारातच उभी राहिली आणि मी तिच्या मागे. गुप्ततेचा नियम फादरला आहे, दुभाष्याला आहे. पर्स धरणाऱ्याला कुणी घातलेला नाही, म्हणून सांगते.

मामीला बघून मामाचा चेहरा पांढराफटक पडला. पण गडी सावध. त्याने किरकोळ माल काढला. म्हणाला, छपरावर काम करताना मी शिव्या देतो. मामीने भाषांतर केलं, आणि ते इतकं लांबलं की दोन-चार नमुनेही दिले असावेत. मग म्हणाला, उपासाच्या दिवशी चोरून खाल्लं, दोनदा. मामीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. फादरना तिने 'मेनी टाइम्स' असं सांगितलं.

मग फादरनी विचारलं, आणखी काही?

इथे मामा नाही म्हणू शकला असता. सगळ्या यात्रेत मी मनापासून प्रार्थना केली असेल तर ती तेव्हाच, की देवा, ह्याला नाही म्हणायची बुद्धी दे. त्याने मामीकडे बघितलं.

"आहे," तो म्हणाला. "पण दुसऱ्या कुणाला तरी बोलव. तुला नाही सांगता येणार."

"मी इथे तुमची बायको नाही," मामी म्हणाली. "दुभाषी आहे. बोला."

"माझ्या बायकोला नोकरीचं पत्र आलं होतं. त्या शाळेचं. मी लपवलं. ती गेली तर माझ्याकडे परत यायची नाही, अशी भीती वाटली."

मामी बोलेना. फादरना वाटलं यंत्र बंद पडलं, ते कानाशी खटपट करू लागले. मग मामीने भाषांतर केलं. शिकवणीत बोलते त्याच आवाजात, सावकाश, एकही शब्द न गाळता. ह्या माणसाच्या बायकोला पत्र आलं होतं, ते ह्याने लपवलं.

फादरनी विचारलं, बायकोला हे माहीत आहे का?

"आता आहे," मामी इंग्रजीत म्हणाली.

फादर म्हणाले, मग ह्याने घरी जाऊन तिची माफी मागावी. बाई कशी आहे, माफ करेल का? मामीने सांगितलं, बायकोचं बायको बघेल फादर, तुम्ही तुमची क्षमा देऊन टाका. त्यांनी हात वर करून क्षमा दिली आणि प्रायश्चित्त म्हणून दहा प्रार्थना सांगितल्या. मामीने त्या मामाला पन्नास सांगितल्या. माझं इंग्रजी इस्पितळातलं असेल, पण दहा आणि पन्नास मला कळतात.

बाहेर अंगणात मामी एका बाकावर बसली. मामा चार हात लांब उभा राहिला. सगळी यात्रा अभिनंदनाला धावली होती, पण मामीचा चेहरा बघून मागच्या मागे पांगली. मी मामाची नाडी धरून मध्ये उभी, दोन्ही बाजूंची.

"पत्रात काय होतं?" मामीने विचारलं.

मला वाटलं आता हा गडबडणार, मेल्याला इंग्रजीचा गंध नाही. पण मामाने हात खाली सोडले, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा ताठ झाला आणि इंग्रजीत म्हणायला लागला. आपणास कळवण्यास आनंद होतो की, इथपासून. परीक्षेत आणि मुलाखतीत मिळून आपण पहिल्या आला आहात. रुजू होण्याची तारीख. राहण्याची सोय. खाली सहीवालीचं नाव, हुद्द्यासकट. एका ठिकाणी अडखळला नाही. मी हे मराठीत सांगतेय, त्याने अख्खं इंग्रजीत म्हटलं.

म्हणाला, वाचता येत नव्हतं, म्हणून नळ दुरुस्त करायला जाईन त्या घरी एक-एक शब्द विचारायचो. सगळं पत्र कुणाला दिसू नये म्हणून रोज वेगळं घर. तिसऱ्याच घरी कळलं होतं काय आहे ते. तरी शेवटपर्यंत विचारलं. पुढे पेटीत पाणी शिरून पत्र गेलं, पण हे काही जात नाही.

"पुन्हा म्हणा," मामी म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मामा तिच्यापुढे खाली बसला. म्हणाला, फादरनी केलं माफ, तू करशील का?

"थांबा हो जरा," मामी म्हणाली. "मला आधी पास झाल्याचा आनंद होऊ दे. मग तुमच्याकडे बघते."