कॉफी चुलीवर आहे

लेम्पी कांगासबद्दल सांगायचं तर आधी तिच्या हातांबद्दल सांगायला हवं. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर पातेली उचलून तिची मनगटं एखाद्या सुतारासारखी झाली होती. पण त्याच हातांत कळसूत्री बाहुली दिली की बाहुली श्वास घ्यायला लागायची.

सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या गावातल्या तांब्याच्या खाणी बंद पडल्या, तरणी माणसं निघून गेली, पण नाताळात गावच्या हॉलमध्ये होणारा येशूजन्माचा बाहुल्यांचा खेळ काही चुकला नाही. लेम्पीमावशी त्यात उतारशाळेचा मालक नाचवायची, आणि त्या मालकाचा आवाज होता तिचा नवरा, ओयवा.

आमच्या खेळाची एक रीत आहे. दोऱ्या धरणारे वरच्या फळीवर, अंधारात. त्यांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बोलणारे खाली, बाजूला, माइकपाशी. बाहुलीनं उजवा हात वर केला की तिच्या आवाजानं बोलायचं, आणि हात खाली येईपर्यंत थांबायचं नाही. बाहुली आधी, माणूस नंतर.

ओयवाला विसर पडायला लागला तेव्हाची गोष्ट. मरिया आणि योसेफ दारात उभे. "जागा नाही, पुढे जा" म्हणायचं सोडून ओयवा म्हणाला, "अरे, बाहेर काय उभे राहिलात? या आत! कॉफी चुलीवर आहे."

सगळा हॉल खो-खो हसला. हसला नाही तो एकटा वर्नर हाकाला. वर्नर हॉलच्या समितीचा अध्यक्ष. हार्डवेअरच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस. खिळे तोलून द्यावेत तसे शब्द तोलायचा. त्यानं ओयवाचं काम काढून स्वतःकडे घेतलं. मावशीनं ते गिळलं. नवरा आजारी आहे, खेळ बिघडतो, असं स्वतःलाच समजावलं.

पुढच्या नाताळात ओयवा खेळ बघायलासुद्धा आला नाही, असं तिला वाटलं. ती घरी गेली तर तो बर्फात पायरीवर बसलेला, अंगात लग्नातला सूट. "इथे काय करतोयस रे?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "छान झाला खेळ." वसंत येता येता ओयवा गेला. आणि त्यानंतर दर नाताळात मावशी त्याची बाहुली वर्नरच्या आवाजावर नाचवत राहिली.

मग यंदाच्या पानगळीत, तिच्या मैत्रिणीच्या, एल्मा निएमीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तिला खरं ते कळलं. मीही तिथे होते. एल्मानं तापल्या दगडांवर पाणी ओतलं, वाफ उठली, आणि वाफेत माणसं बोलून जातात तशी ती बोलून गेली.

"काही म्हण लेम्पी, त्या दिवशी ओयवा सुटात काय रुबाबदार दिसत होता!"

"कुठल्या दिवशी?"

"अगं, त्याच्या शेवटच्या नाताळात, खेळाच्या. आला होता ना हॉलच्या दारात. वर्नरनं परत पाठवला."

मावशीनं मान वळवली. "काय सांगून?"

"मला वाटलं तुला ठाऊक असेल…"

"शब्द सांग, एल्मा. जसेच्या तसे."

एल्मानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे. "'जागा नाही, ओयवा. घरी जा.' खुर्च्या होत्या गं रिकाम्या. मध्येच उठून काहीतरी बोलेल, अशी धास्ती होती वर्नरला."

एल्माच्या हातातली पळी घेऊन मावशीनं दगडांवर पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. पुन्हा. आमचे कान भाजायला लागले. एकेक करत आम्ही बाहेर पळालो. ती आतच बसून राहिली.

बाहेर आली तेव्हा लालबुंद होती आणि अगदी शांत. मला म्हणाली, "पोरी, यंदा मरिया आणि योसेफ तुझ्याकडेच ना?"

"हो."

"मालकानं दार सताड उघडलं, तर काय करशील?"

"पण मावशी, तो तर हाकलून देतो त्यांना."

"मी काय विचारलं?"

"…आत नेईन."

"शहाणी आहेस."

"तू करणार काय आहेस?"

"मला ओयवाचं वाक्य वर्नरच्या तोंडून ऐकायचंय. भरल्या हॉलात. अख्खं."

"आणि नाही बोलला तर?"

"तर बाहुलीचा हात वरच राहील. माझे हात दमत नाहीत."

तालमींना ती इतकी गोड वागली की माझ्या अंगावर काटा यायचा. वर्नरसाठी घरून निसु, आमचा गोड पाव, भाजून आणायची. वेलदोड्याचा वास हॉलभर. "घे ना वर्नर, लोणी लाव भरपूर. आवाज मोकळा होतो." तो बापडा खायचा.

खेळाच्या दिवशी दुपारीच हॉल भरला. योसेफचा आवाज पाद्रीबाबांचा. त्यांनी विचारलं, "भल्या माणसा, आम्हाला जागा मिळेल का?" दार किलकिलं झालं, मालक बाहेर आला. हात मात्र खालीच.

वर्नर छातीत श्वास भरून तयार. बाहुलीचा हात वर जाईना. आमच्या लोकांचे आजे-पणजे फिनलंडहून आलेले. शांततेचं आम्हाला वावडं नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. यंदा काय भारदस्त बसवलंय, असंच वाटलं असेल सगळ्यांना. वर्नरच्या कपाळावर घाम चमकला.

मग हात वर गेला.

"जागा नाही! पुढे जा!"

बाहुलीनं मान हलवली. नाही. कोणीतरी फिसकन हसलं. हात वरच. रीतीप्रमाणे वर्नरला बोलणं भाग होतं.

"जागा… अजिबात नाही!"

बाहुलीनं दार सताड उघडलं आणि बाजूला सरली. पहिल्या रांगेतली पोरं ओरडली, "आत जा, मरिया! आत जा!" मी मरियाला आत नेलं. मागून योसेफलाही.

वर्नर वर बघून फिसकारला, "लेम्पी! हात खाली घे!" माइकनं ते हॉलभर ऐकवलं. हशा उसळला. बाहुली सावकाश वर्नरकडे वळली. हात वर.

"बरं… या."

हात वर.

"या आत. जागा आहे."

हात वर.

वर्नरनं पुन्हा वर पाहिलं, आणि त्या वेळी त्याला उमगलं. मी त्याचा चेहरा पाहिला. कान लाल, ओठ पांढरे. माइक सोडून जाता आलं असतं त्याला. पण दाराशी सगळं गाव उभं होतं.

"कॉफी," तो म्हणाला, आणि आवाज फाटला. "कॉफी चुलीवर आहे."

हात खाली आला.

पोरांनी टाळ्या पिटल्या. म्हाताऱ्या माणसांनी नाही. हे वाक्य कोणाचं, ते त्यांना आठवत होतं. पुढे मेंढपाळ गोठ्यातल्या गव्हाणीपाशी पोचले तर तिथे कोणीच नव्हतं; पाद्रीबाबांनी वेळ मारून नेली आणि बाळ येशू उतारशाळेत, उबेत जन्माला आला.

नंतर हॉलच्या स्वयंपाकघरात सगळे कॉफीला बसले. मावशी खिडकीशी, शेजारची खुर्ची रिकामी. वर्नर दोन कप घेऊन आला. गप्पा थांबल्या.

"लेम्पी, तेव्हा मी जे केलं ते खेळासाठी केलं गं."

"ठाऊक आहे."

"चुकलंच माझं. बसू का जरा?"

मावशीनं पिशवीतून ओयवाची लोकरीची कानटोपी काढली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवली. कानपट्ट्या नीट दुमडल्या.

"जागा नाही, वर्नर. घरी जा."

तो उभाच राहिला. तिनं त्याच्या हातातला एक कप काढून घेतला आणि टोपीसमोर ठेवला. दुसरा त्याच्याकडेच राहू दिला. तो कप धरून वर्नर दारापर्यंत गेला. तिथे तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून तसाच घेऊन बर्फात उतरला.

मावशीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"निसु सरकव गं इकडे," ती मला म्हणाली. "यंदा फुललाय चांगला."